रस्त्याच्या मध्यापर्यंत

माझ्या साडूंइतका सभ्य माणूस आख्ख्या माळव्यात दुसरा नाही, आणि एवढ्या एकाच गोष्टीसाठी मी त्यांना कधीही माफ करणार नाही. सभ्यपणालासुद्धा काही सुमार असतो. घरात मांजर शिरलं तर आपण 'शुक' म्हणतो; हे 'अहो, जरा बाहेर व्हा' म्हणतात. चुकून कोणाचा फोन लागला तर आपण ठेवून देतो. हे आधी त्याची प्रकृती विचारतात, मग त्याला हवा असलेला माणूस कुठे भेटेल याची काळजी करतात. अशी चुकीच्या नंबरावरून जोडलेली दोन-तीन माणसं आता दर दिवाळीला फराळाला येतात आणि माझ्या शेजारी बसून चकल्या खातात. भाजीवाल्याला 'भाव कमी कर' म्हणायचं तर यांच्या कपाळाला घाम फुटतो, म्हणून त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती त्यांना बाजारात पाठवतच नाही. 'नाही' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. नाही म्हणायचं असलं की ते 'बघू या' म्हणतात. अगदीच निक्षून नाही म्हणायचं असलं की 'अवश्य बघू या' म्हणतात.

हे सगळं घराण्यातून आलंय, असं त्यांचं म्हणणं. मी मूळचा धारचा, नोकरीपायी देवासला आलो. आमच्या धारेत गादी एकच, त्यामुळे आमच्याकडे पाहुणा आला की आला आणि गेला की गेला. देवासला मात्र एका गावात दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू एकाची, ती दुसऱ्याची. साडूंचे पणजोबा धाकट्या पातीच्या दरबारात पाहुण्यांची सरबराई बघत, आणि पाहुण्याला पोचवायला रस्त्याच्या मध्यापर्यंत जात, कारण त्यापुढे थोरल्या पातीची हद्द. पुढे संस्थानं गेली, राजे गेले, हद्दही गेली. साडूंचं आजचं घर तर त्या जुन्या हद्दीच्या आसपासही नाही. ते एका साध्या कॉलनीत आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच नगर निगमची घाण पडलेली असते. तरी माझे साडू पाहुण्याला पोचवायला रस्त्याच्या बरोब्बर मध्यापर्यंत जातात आणि तिथे थांबतात. त्यापुढे एक पाऊल टाकत नाहीत.

त्यांच्याकडे बसणं थोडं आणि निघणं फार. पाहुणा सोफ्यावर बसून हवापाणी, गुडघेदुखी असं काहीबाही बोलतो. मग 'चला, येतो' म्हणून उठतो, आणि खरी भेट तिथून सुरू होते. 'बसावं की, घाई काय आहे?' असं म्हणत साडूही उठतात. दारात पाहुणा एक चप्पल पायात घालतो आणि दुसरी घालायची विसरतो. मग फाटकाची कडी धरून उभं राहणं होतं, आणि शेवटी रस्त्याचा मध्य. दोन्ही बाजूंनी स्कूटर, रिक्षा, पाण्याचे टँकर. कोणीतरी ओरडतंच, "भिया, घर में कर लेते बात!" साडू त्यालाही हात जोडतात. मी धारेच्या रीतीनं ताडकन उठून चालायला लागलो, तर माझं राहिलेलं अर्धं वाक्य पूर्ण करायला हे माझ्यामागून मध्यापर्यंत येतात. एक मात्र खरं, माणसं जे बोलायला आलेली असतात ते तिथेच बोलतात. माझ्या पुतणीच्या लग्नाची बोलणी त्यांच्या बैठकीत झाली, सगळं गोडीगुलाबीनं, लाडू खाऊन. मुलाकडच्यांचा नकार आम्हाला रस्त्याच्या मधोमध कळला.

तर असा हा माणूस एका खाजगी कॉलेजात कॉमर्स शिकवायचा. उत्तम शिकवायचा. त्यांचे विद्यार्थी अजून रस्त्यात वाकून नमस्कार करतात, आणि हे त्यांनाही 'आपण' म्हणतात. पण हल्ली कॉलेजात नुसतं शिकवून भागत नाही. उन्हाळा लागला की प्रोफेसरांनी गावोगाव फिरून ॲडमिशन आणायच्या असतात. पीएच्. डी. झालेली माणसं टोंकखुर्दच्या उन्हात टोपी घालून दारोदार हिंडताना मी स्वतः पाहिली आहेत, आणि ज्यांना याची लाज वाटायला हवी ते एसीत बसलेले असतात. साडूही जात. सकाळी जात, दुपारी कोणाच्या तरी ओसरीवर दाल-बाटी खाऊन संध्याकाळी परत येत, आणि ॲडमिशन एकही नसे. कारण पोरगं शिकेल की नाही, असं मुलाच्या बापानं सरळ विचारलं, "माड़साब, सच्ची बोलो, छोरो भणे कि नी?" की यांना सरळ उत्तर द्यावंसं वाटे. मुलाला मोटार दुरुस्तीत गोडी असली तर हे बापाला गॅरेजचं नाव सांगून येत.

तरीही त्यांचं एक स्वप्न होतं. प्रिन्सिपॉलची जागा रिकामी होणार होती आणि ज्येष्ठतेनं ती यांची होती. साडू स्वतः याबद्दल चकार शब्द काढत नसत, पण ताईनं मला सांगितलं की इंदूरला जाऊन त्यांनी एक कोट शिवून आणलाय आणि तो कपाटात घडी करून ठेवलाय. पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसताना घालायचा होता. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी कधी चहात साखर जास्त मागितली नाही, त्यानं कोट शिवावा म्हणजे त्याच्या मनात किती असेल, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

आता त्यांच्या डायरेक्टरबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण लांबवलं की माझं ब्लडप्रेशर वाढतं. हा गृहस्थ कुठल्याशा हॉटेलात कुठलंसं भाषण ऐकून आला आणि यांना बोलावून म्हणाला, "सर, ज़माना पॉडकास्ट का है. एक माइक से आदमी का करियर बदल जाता है. आप शुरू करो, बड़े लोगों को बुलाओ, बच्चे खिंचे चले आएँगे. ॲडमिशन आए तो कुर्सी आपकी." म्हणजे जी खुर्ची हक्काची होती तीच बक्षीस म्हणून दाखवायची! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "भाऊसाहेब, त्याला सांगा, मी शिकवायला आलोय, तमाशे करायला नाही." साडू म्हणाले, "अहो राव, इतक्या आपुलकीनं सांगतोय. त्याचं मन कशाला मोडायचं?" आणि पॉडकास्ट सुरू झाला. त्याचं नाव डायरेक्टरनंच ठेवलं. ते इतकं चकचकीत होतं की माझ्या हातून लिहवत नाही.

पाहुण्याला कॉलेजात बसवून प्रश्न विचारणं म्हणजे तोंडी परीक्षा घेणं, म्हणून रेकॉर्डिंग घरी व्हायचं. आधी पोहे, वर शेव आणि जिरावणाचा मसाला, मग चहा, मग पुन्हा थोडे पोहे. कॉलरला लावायचे ते छोटे बिनवायरचे माइक आले होते. लावायला काही अडचण नव्हती. पाहुणे हौसेनं स्वतःच लावत. काढताना मात्र पंचाईत. "पाहुण्याच्या गळ्याशी हात घालून माइक काढून घ्यायचा म्हणजे, राव, 'झालं, आता निघा' असंच सांगणं की!" साडू मला म्हणाले. "आणि पाहुणा घरात असताना मशीन बंद कसं करायचं? बरं दिसतं का ते?" त्यामुळे पाहुण्याला स्वतःला आठवण होईपर्यंत माइक त्याच्या कॉलरवरच राही, आणि त्याच्याबरोबर दारात, फाटकात आणि रस्त्याच्या मध्यापर्यंत जाई. मी म्हटलं, ठीक आहे, नंतर कापून टाका. तर म्हणे, कापायचं म्हणजे पाहुण्याच्या ताटातला घास काढून घ्यायचा. कापाकापी त्यांनी कधी केली नाही. मात्र आख्खं रेकॉर्डिंग आधी पाहुण्याला पाठवायचे, त्याची परवानगी यायची, मगच लोकांसमोर ठेवायचे. इतका चोख व्यवहार. आता पाहुणे स्वतःची स्तुती संपेपर्यंतच ऐकतात आणि पुढचं न ऐकता 'बढ़िया है' म्हणून मोकळे होतात, यात साडूंचा काय दोष?

पहिले आले ते बागलीचे बियाण्यांचे एक व्यापारी. सोफ्यावर तासभर मेहनत, लगन आणि ईमानदारी. मी कोपऱ्यात बसून जांभया दाबत होतो. मग ते उठले, दारात एक बूट घातला, आणि भिंतीला हात टेकून म्हणाले, "सर, सच्ची बात बोलूँ? दुकान तो मेरी घरवाली ने चलाई. मेरा तो मन ही उठ गया था हर चीज़ से. मैं खटिया पे पड़ा रहता था, और ये सुबे शटर उठाती थी." साडू फक्त "बसा की हो थोडं" म्हणाले, आणि तो मोठा माणूस दाराच्या उंबऱ्यावर बसला आणि सगळं बोलला. हे सगळं जसंच्या तसं लोकांच्या कानात गेलं. पुढे टोंकखुर्दच्या एक नर्सबाई आल्या. आत सेवाभावावर बोलल्या, आणि फाटकाची कडी धरून म्हणाल्या, "सेवा-वेवा तो बाद में सूझी सर. मैं तो घर से निकलने के लिए नर्स बनी." लोक पहिला तासभर सोडून देऊन 'चला, येतो' पासून ऐकायला लागले. गावोगावची मुलं साडूंना फोन करून विचारायला लागली, सर, मलाही घराबाहेर पडायचंय, मी काय शिकू? बियाणंवाल्यांच्या बायकोनं मात्र सगळं नीट ऐकलं होतं. तिनं बागलीहून घरचं तूप पाठवलं.

आणि नेमकं हे सगळं जमून येत असताना डायरेक्टरला स्वतः पाहुणा व्हायची हौस आली. आला, ताईच्या हातचे पोहे दोनदा घेतले, आणि सोफ्यावर बसून कॉलेजची अशी काही आरती ओवाळली की मला वाटलं आपणच ॲडमिशन घ्यावी. जगाचे दरवाजे उघडतात म्हणे तिथे. मग उठला. दारात हवापाणी झालं, फाटकात क्रिकेट झालं. रस्त्याच्या मधोमध, टँकरच्या हॉर्नमध्ये, साडूंनी घरच्यासारखी चौकशी केली, "आपके चिरंजीव इस साल बारहवीं में हैं न? फिर तो अपने ही कॉलेज में आएँगे?" आणि तो खो खो हसून म्हणाला, "क्या बात करते हो सर! अपने लड़के को अपने यहाँ थोड़ी डालूँगा? उसको तो बाहर भेजूँगा." माइक कॉलरवर होता. रेकॉर्डिंग त्याला पाठवलं गेलं. त्यानं आरती संपेपर्यंत ऐकलं आणि उत्तर दिलं, "बढ़िया है सर, डाल दो."

तीन जिल्ह्यांतल्या मोबाइलवर ते हसणं फिरलं. हॉर्नसकट फिरलं. आणि तेही ऐन ॲडमिशनच्या दिवसांत. डायरेक्टर तडक घरी आला तेव्हा मी तिथेच होतो, मुद्दाम थांबलो होतो. मला वाटत होतं, आज तरी हा माणूस आवाज चढवेल. साडू म्हणाले, "यावं, बसावं. पोहे?" डायरेक्टर पोह्यांना हात न लावता म्हणाला, "सर, एक काम करो. बोल दो कि आवाज़ नकली है. कंप्यूटर से बनाई है किसी ने. आजकल सब बन जाता है. आप सीधे आदमी हो, आपकी बात सब मान लेंगे. इतना बोल दो, कल से कुर्सी आपकी." आतल्या दारात ताई उभी होती. तिच्या मागच्या कपाटात तो कोट होता. साडू पोह्यांची बशी त्याच्याकडे जरा सरकवून, हात जोडून म्हणाले, "अवश्य देखते हैं."

डायरेक्टरचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढून त्याला हे 'अवश्य' कळलं नव्हतं. मला आणि ताईला कळलं. त्याला पोचवायला साडू नेहमीसारखे मध्यापर्यंत गेले आणि रहदारीत हात जोडून उभे राहिले. परत आले तसा मी तुटून पडलो. म्हटलं, भाऊसाहेब, सांगायचं होतंत तोंडावर! परवानगी त्यानं दिली, वाक्य त्याचं, हसणं त्याचं, आणि नकली म्हणायचं तुम्ही? साडू म्हणाले, "राव, तो खोटं बोलला असता तर मी खोटं म्हटलंही असतं. आयुष्यात एकदा खरं बोलला बिचारा, तेही माझ्या दारात येऊन. त्याला खोटं कसं म्हणू?" बिचारा! त्याच आठवड्यात यांना 'आता येऊ नका' असं सांगण्यात आलं. खुर्चीवर डायरेक्टरच्या ओळखीचा कोणीतरी येऊन बसला. चिरंजीव बाहेरच गेले, हे काय सांगायला हवं? मी जेवताना, दाढी करताना, भाजी निवडताना त्या डायरेक्टरला शिव्या घालत होतो, आणि ज्याची नोकरी गेली तो माणूस मला म्हणत होता, "राव, प्रकृतीला जपा." माणसानं थोडं तरी रागवावं की नाही? आपल्या वाटणीचा सगळा राग साडूभावावर सोपवून स्वतः तुळशीला पाणी घालत बसायचं, हा कुठला न्याय?

मग इंदूरहून एका कंपनीची चुणचुणीत पोरं आली. म्हणाली, सर, आपका वो दरवाज़े वाला पार्ट सुपरहिट है, बैठकवाला पार्ट काढून टाकू. आम्ही स्टुडिओत एक दार बसवतो, फाटक बसवतो. पाहुणा सरळ दारात उभा राहील आणि खरं बोलेल. मला, खोटं कशाला सांगू, कल्पना वाईट वाटली नाही. निदान देवासला तोंड दाखवायला जागा झाली असती. साडूंनी त्यांना जेवू घातलं आणि 'बघू या' म्हणाले. नंतर मला म्हणाले, "आत बसलाच नाही तो बाहेर निघणार कसा, राव?"

आणि एक दिवस डहीहून एक मुख्याध्यापिकाबाई आल्या. डही म्हणजे आमच्याच धार जिल्ह्यात, पण अगदी खाली, कुक्षीच्याही पलीकडे. मी धारचा असून जन्मात तिथे गेलेलो नाही. बाई बस बदलत-बदलत आल्या होत्या. आत बसून हवापाणी बोलल्या. फाटकाशी गेल्यावर म्हणाल्या, "सर, हमारे होस्टल के बच्चे आपको सुनते हैं. बारहवीं के बाद कहाँ जाएँ, उन्हें बताने वाला कोई नहीं. जो आता है, अपना कॉलेज बेचने आता है. आप आ जाओ." साडू त्यांना पोचवायला मध्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "हो. येतो." बघू या नाही, अवश्य नाही. ताई कपाळावर हात मारून म्हणाली, "लग्न झाल्यापासून एक 'हो' ऐकायला कान आसुसले होते माझे. ऐकला, तर डहीला जायचा!" पण तिनं दुसऱ्या दिवसापासून डबे भरायला घेतले. पॉडकास्टनं करिअरची दिशा बदलते म्हणतात ती अशी. ज्यानं देवासला प्रिन्सिपॉल व्हायचं तो डहीला होस्टेलच्या पोरांना शिकवणार, आणि याचं त्याला यत्किंचितही दुःख नाही, असं मी महिनाभर येईल-जाईल त्याला चिडून सांगत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले. ऐन जेठातली रणरणती दुपार, आणि अंगात तो कोट. म्हणाले, "घडी मोडायची राहिली होती." मी सगळी तयारी ठेवली होती. मी त्यांना आत बसून काही बोलणार नव्हतो. दारात बोलणार होतो, फाटकात बोलणार होतो, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून विचारणार होतो की भाऊसाहेब, तुम्ही गेल्यावर या गावात मी भांडायचं कोणाशी? बायकोनं चहा केला. हवापाणी झालं. डहीला ऊन फार, पण नर्मदा जवळ आहे, असं झालं. कप ठेवून ते उठले आणि म्हणाले, "येतो."

मी म्हटलं, "बसा की, घाई काय आहे?" आयुष्यात पहिल्यांदा मी हे वाक्य म्हटलं. ते बसले नाहीत. दारात थांबले नाहीत. दोन्ही चपला एकदम पायात घातल्या, फाटकाच्या कडीला हात न लावता बाहेर पडले, आणि मागे न बघता रस्ता ओलांडून चालू लागले. थांबले असते तर बोलावं लागलं असतं, आणि दारात माणूस काय बोलतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी एक चप्पल घालून तसाच धावलो. रस्त्याच्या मध्यापर्यंत पोचलो तोवर कोट कोपऱ्यावरून वळला होता.

मागून एक स्कूटरवाला कचकन ब्रेक मारून ओरडला, "भिया, बीच में क्यों खड़े हो?"

"पाहुण्यांना पोचवायला आलोय," मी म्हटलं.

त्यानं पुढे पाहिलं, मागे पाहिलं. रस्त्यावर कोणीच नव्हतं.